कॅन्सर संशोधकाचे पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या वैद्यकीय ग्रंथालयात हे प्रश्न वर्षभर येतात. थेसिस जमा करायच्या आठवड्यात रेसिडेंट विचारतात, प्रमोशनचा फॉर्म भरताना प्राध्यापक विचारतात, बातमी लावायच्या घाईत पत्रकार विचारतात. कधी रुग्णाचा मुलगा मोबाईल पुढे करून विचारतो. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायटेशन म्हणजे काय? पेपर किती जणांनी वाचला, ते का?

नाही. दुसऱ्या एखाद्या शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत तुमच्या पेपरचं नाव आलं, की एक सायटेशन. वाचकांचा आणि डाउनलोडचा आकडा वेगळा असतो. लातूरच्या एखाद्या डॉक्टरने तुमचा पेपर वाचून तपासणीची पद्धत बदलली, पण स्वतः काही लिहिलं नाही, तर तुमच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. कॅन्सरच्या संशोधनात ही उणीव फार मोठी आहे, कारण यातलं बरंचसं काम शेवटी दवाखान्यात वापरलं जातं.

२. एच-इंडेक्स कसा काढतात? एकदा नीट समजावून सांगा.

समजा एका मॅडमचे सात पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी आहेत: ४०, २२, ९, ६, ५, ३, १. आता वरून मोजत या. पहिल्या पेपरला निदान १, दुसऱ्याला निदान २, तिसऱ्याला निदान ३ सायटेशन हवीत. पाचव्याला ५ आहेत, म्हणजे तिथपर्यंत जमलं. सहाव्याला ६ हवी होती, आहेत ३. तिथे थांबायचं. एच-इंडेक्स ५.

गुगल स्कॉलरवर (गुगलचं शोधनिबंध शोधायचं साधन) दिसणारा आय-१० इंडेक्स त्याहून सोपा आहे: दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, एवढंच. या उदाहरणात २. एकूण सायटेशन ८६.

आता पहिल्या पेपरची ४० सायटेशन उद्या ४०० झाली, तरी एच-इंडेक्स ५ च राहतो. एकच पण फार मोठं काम केलेल्या माणसावर हा आकडा अन्याय करतो. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये सुचवला, तोही सैद्धांतिक भौतिकशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून. ऑपरेशन, ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून लिहिणाऱ्या डॉक्टरांसाठी तो बेतलेलाच नव्हता.

३. "माझा इम्पॅक्ट फॅक्टर ५ आहे" असं सर म्हणतात. बरोबर आहे का?

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, माणसाचा नाही आणि एकेका पेपरचाही नाही. २०२४ चा आकडा काढायचा तर त्या जर्नलने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन घ्यायची आणि त्या दोन वर्षांतल्या शोधनिबंधांच्या व रिव्ह्यूच्या (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखांच्या) संख्येने भागायचं. युजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना मांडली, ती ग्रंथालयांना कोणती जर्नल घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी म्हणून. आज अधिकृत आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनच्या सुमारास जाहीर करते. जर्नलच्या मुखपृष्ठावर दुसऱ्याच कुठल्या संस्थेच्या नावाने "इम्पॅक्ट फॅक्टर" छापला असेल, तर प्र. १२ आधी वाचा.

सरासरी किती फसवते, याचं ठळक उदाहरण कॅन्सरमध्येच सापडतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या "सीए: अ कॅन्सर जर्नल फॉर क्लिनिशियन्स" या जर्नलचा २०२३ चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०३.१ होता. हे जर्नल मोजकेच लेख छापतं, आणि त्यात कॅन्सरच्या जागतिक व अमेरिकी आकडेवारीचे लेख असतात. जगात कुणीही कॅन्सरवर पेपर लिहायला बसलं, की पहिल्याच वाक्यात रुग्णसंख्या देतं आणि संदर्भ म्हणून यातलाच लेख लावतं. ही सायटेशन खरीच असतात. पण त्या दोन-तीन लेखांच्या जोरावर जर्नलमधल्या प्रत्येक लेखाला मोठं मानणं चूक आहे.

४. गुगल स्कॉलरवर सायटेशन जास्त, स्कोपसवर कमी. फॉर्ममध्ये कोणता आकडा लिहू?

फॉर्ममध्ये जो मागितला असेल तो, आणि शेजारी स्रोत व तारीख. हे दोन शब्द लिहायचा कंटाळा करू नका.

फरक पडतो तो पसाऱ्यामुळे. गुगल स्कॉलर जर्नलबरोबर प्रबंध, पुस्तकं, परिषदांचे अहवाल, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर) सगळं उचलतं, म्हणून आकडा मोठा दिसतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या सूच्या निवडक, मुख्यतः जर्नलमधला मजकूरच मोजतात. पबमेडचं काम वेगळं आहे. ते वैद्यकीय लेख शोधण्यासाठी आहे, तिथे एच-इंडेक्स मिळत नाही. दोन संशोधकांची तुलना करायची असेल तर दोघांचा आकडा एकाच ठिकाणचा आणि एकाच दिवशीचा घ्या.

५. पबमेडमध्ये माझं नाव टाकलं तर भलत्याच पाटलांचे पेपर येतात. काय करू?

आपल्याकडचा हा सर्वात जुना त्रास आहे. जर्नलमध्ये अनेकदा आडनाव आणि आद्याक्षर एवढंच उरतं. पाटील एस, जाधव एस, शिंदे आर या नावांनी शोधलं की दंतवैद्यकापासून शेतीपर्यंतचे लेख समोर येतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे पेपर दोन ठिकाणी विभागले जातात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका पेपरमध्ये असतं, दुसऱ्यात नसतं.

उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID) क्रमांक, संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक. १६ अंकी, मोफत, २०१२ पासून सुरू आहे, आणि आडनाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. पहिला पेपर पाठवण्याआधीच काढून ठेवा. मग गुगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडा आणि सेटिंगमध्ये नवे लेख आपोआप जोडण्याऐवजी आधी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा. तसं केलं नाही तर दुसऱ्या पाटलांचे पेपर गुपचूप तुमच्या नावावर चढतात आणि मुलाखतीत ते तुम्हाला निस्तरावं लागतं.

६. जिल्ह्याचं आणि विद्यापीठाचं नाव बदललं. जुने पेपर हरवतात का?

हरवत नाहीत, पण शोधणाऱ्याला सापडत नाहीत. छापलेल्या पेपरवर त्या वेळचं नाव तसंच राहतं. २०२३ पूर्वीचं काम शोधायचं तर "औरंगाबाद" आणि "उस्मानाबाद" हेच शब्द टाकावे लागतात, नंतरचं शोधायचं तर "छत्रपती संभाजीनगर" आणि "धाराशिव". दोन्ही टाकून शोधा. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणून सोबत महाराष्ट्र लिहा. विद्यापीठाचं तसंच आहे: १९९४ च्या नामविस्ताराआधीच्या प्रबंधांवर फक्त "मराठवाडा विद्यापीठ" असतं.

संस्थेचा एकत्रित अहवाल करणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार एका वहीत लिहून ठेवा. "शासकीय वैद्यकीय महाविद्यालय" एवढंच लिहिलेले पेपर देशभरातल्या शासकीय महाविद्यालयांत वाटले जातात.

७. लेखकांच्या यादीत नाव कितवं आहे याने फरक पडतो का?

सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला पडत नाही. तेवीस लेखकांच्या पेपरची सगळी सायटेशन तेवीसही जणांना पूर्ण मिळतात. माणसांना मात्र फरक पडतो. वैद्यकशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम आणि लेखन करणाऱ्याचं, शेवटचं बहुधा मार्गदर्शकाचं किंवा प्रयोगशाळा प्रमुखाचं, आणि कॉरस्पॉन्डिंग ऑथर म्हणजे पत्रव्यवहाराची जबाबदारी घेणारा. बढतीसाठी कोणत्या क्रमांकाचा लेखक धरायचा, याचे वैद्यकीय शिक्षणातले नियम गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदललेत. वरिष्ठांच्या आठवणीवर विसंबू नका, चालू राजपत्र बघा.

विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायची पद्धत चुकीचीच आहे. ज्याने काम केलं नाही, त्याला पेपरमध्ये चूक निघाल्यावर उत्तरही देता येत नाही.

८. आपल्या मराठवाड्यातून जगभर गाजलेला कॅन्सरचा एखादा पेपर आहे का?

आहे, आणि तो इथल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने एकदा तरी मुळातून वाचावा.

२ एप्रिल २००९ च्या "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये ग्रामीण भारतातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवर एक शोधनिबंध आला. शीर्षकात जिल्ह्याचं नाव नाही, म्हणून पुष्कळांना कल्पनाच नसते. हा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये काम सुरू झालं. गावांचे ५२ समूह केले, त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. चार गट पाडले: एकात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था.

आठ वर्षांनंतर चित्र स्पष्ट झालं. एचपीव्ही गटात पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर ३९, नेहमीच्या व्यवस्थेच्या गटात ८२. मृत्यू ३४ आणि ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे, साधारण ३४ हजार आणि ३१ हजार. म्हणजे आयुष्यात एकदाच झालेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींत मृत्यूंमध्ये असा ठोस फरक दिसला नाही.

पहिले लेखक डॉ. आर. शंकरनारायणन, फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे. दुसरे डॉ. भगवान नेने, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे. तिसरे डॉ. सुरेंद्र शास्त्री, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे, पण धाराशिवकरांना ती घरचीच. तिथली कॅन्सर रजिस्ट्री १९८७ पासून बार्शीबरोबर परंडा आणि भूम या तालुक्यांची नोंद ठेवते आणि देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री म्हणून ओळखली जाते. एवढी वर्षं गावागावांतून कॅन्सरच्या नोंदी गोळा होत होत्या, म्हणून तर एवढा मोठा अभ्यास इथे उभा राहू शकला.

या पेपरला हजाराहून जास्त सायटेशन आहेत. पण त्याचं वजन त्यात नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली. तिथवर पोचायला जे पुरावे लागले, त्यातला हा एक महत्त्वाचा पुरावा. कोणाच्याही एच-इंडेक्समध्ये ही गोष्ट दिसत नाही. गावात जाऊन बायकांना तपासणीसाठी तयार करणाऱ्या आरोग्यसेविकाही दिसत नाहीत, आणि तपासणीला आलेल्या बायकाही नाहीत. मला हे फार खटकतं.

९. म्हणजे सायटेशन जास्त तर काम चांगलं, हे तरी खरं ना?

तेही नाही. प्र. ८ मधल्या अभ्यासाचंच बघा. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर नैतिकतेचा मोठा वाद झाला. त्या वादात लिहिणाऱ्यांनीही या पेपरचा संदर्भ दिला, आणि मोजणाऱ्या यंत्राने तो सायटेशन म्हणूनच धरला. कौतुक आणि टीका एकाच खात्यात जातात.

दुसरं उदाहरण प्रयोगशाळेतलं. एमडीए-एमबी-४३५ ही पेशींची जात अनेक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. नंतर जनुकीय तपासणीत त्या त्वचेच्या कॅन्सरच्या, मेलानोमाच्या पेशी निघाल्या. तोवर तिच्यावर स्तनाच्या कॅन्सरचे पेपर लिहून झाले होते, आणि त्यांना सायटेशन मिळतच राहिली. पीएच.डी.साठी पेशी मागवणाऱ्यांनी आधी त्यांची ओळख एसटीआर या डीएनए चाचणीने पटवून घ्यावी.

आणि २०१२ मध्ये ग्लेन बेगली व ली एलिस यांनी "नेचर"मध्ये लिहिलं की अ‍ॅमजेन कंपनीत कॅन्सरवरचे ५३ महत्त्वाचे मानलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा फक्त ६ चे निष्कर्ष जुळले.

१०. कॅन्सर संशोधकाचा एच-इंडेक्स किती असला की चांगला?

या प्रश्नाला एक आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वय, उपविषय आणि कामाचा प्रकार पाहिल्याशिवाय काही सांगता येत नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय औषध-चाचण्यांत रुग्ण भरती करणाऱ्या डॉक्टरचं नाव चांगल्या जर्नलमध्ये पटापट येतं. तोंडाच्या कॅन्सरवर एकट्याने बीडमध्ये काम करणाऱ्याचं येत नाही, जरी गुटखा-तंबाखूमुळे आपल्याकडे हाच आजार समोर असला तरी. रिव्ह्यू लेखांना मूळ संशोधनापेक्षा सायटेशन सहज मिळतात. हानाहान आणि वाइनबर्ग यांचा २००० सालचा "हॉलमार्क्स ऑफ कॅन्सर" हा जगात सर्वाधिक संदर्भ दिल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक आहे, आणि तो रिव्ह्यू आहे.

थोडी न्याय्य तुलना हवी असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन वापरा. ते पेपरला त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरांच्या तुलनेत गुण देतं. १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या मधल्या दर्जाच्या पेपरइतका प्रभाव. भारतातल्या छोट्या संस्थेच्या पेपरला १ मिळाला तर ती मोठी गोष्ट आहे.

जुन्या पिढीला हे माप लावूच नका. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर (पेशी शरीराबाहेर वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या काळातल्या नियतकालिकांची नोंद या संगणकीय सूच्यांमध्ये अर्धवट आहे. त्यावरून त्यांचा एच-इंडेक्स काढून कुणाशी तुलना करणं म्हणजे अज्ञान.

११. "जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत आमचे सर" अशी बातमी आली आहे. खरी मानायची का?

यादी खरी आहे, बातम्यांतला मजकूर अनेकदा नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ही यादी तयार करतात. तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नाही. यादीचे दोन भाग आहेत: संपूर्ण कारकीर्द आणि एकच वर्ष. बातमीत कोणता भाग, ते विचारा. स्वतःचेच पेपर स्वतः सायट केल्याचं प्रमाण किती, याचा रकाना त्याच तक्त्यात आहे. तो जरूर बघा. आपल्या आधीच्या कामाचा आधार देणं गैर नाही, उलट एकाच विषयावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला ते करावंच लागतं. पण अर्ध्याहून जास्त सायटेशन स्वतःचीच असतील तर बातमी लावण्याआधी त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकाराशी बोला.

१२. "सात दिवसांत पेपर छापतो" असा ईमेल आला आहे. पाठवू का?

नको. गंभीर परीक्षणाला आठवडे, महिने लागतात. जर्नल खरंच पबमेड किंवा स्कोपसमध्ये आहे का, ते जर्नलच्या वेबसाइटवर नको, थेट पबमेड आणि स्कोपसवर जाऊन तपासा. यूजीसी-केअर या मान्य जर्नलच्या यादीचा दाखला देणाऱ्यांना सांगावं लागतं की यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही २०२२ च्या नियमांत निघाली, मात्र तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. मराठवाड्यातले कितीतरी विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या पैशातून असल्या जर्नलची फी भरतात. ते बघवत नाही.

मोठ्या प्रकाशकांकडेही डोळे मिटून जाऊ नका. २०२३ मध्ये एकट्या हिंदावीने ८,००० हून जास्त पेपर मागे घेतले.

१३. मागे घेतलेल्या पेपरची सायटेशन वजा होतात का?

आपोआप होत नाहीत, आणि असे पेपर लोक नंतरही सायट करतात. याचं सर्वात वेदनादायक उदाहरण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं. अनिल पोट्टी यांनी २००६ मध्ये "नेचर मेडिसिन"मध्ये लिहिलं की गाठीतल्या जनुकांवरून कोणतं केमो लागू पडेल ते सांगता येतं. लगोलग सायटेशन मिळाली, रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांना आकड्यांत चुका सापडत होत्या, पण त्यांचं म्हणणं मान्य व्हायला काही वर्षं गेली. २०१० मध्ये पोट्टी यांनी राजीनामा दिला, २०११ मध्ये पेपर मागे घेतला गेला, २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने गैरवर्तनावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात कॅन्सरचे खरे रुग्ण त्या चाचण्यांत होते.

म्हणून संदर्भसूची पूर्ण झाली की प्रत्येक पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या मोफत डेटाबेसमध्ये तपासा. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते स्वतःच इशारा देतं.

१४. आईला कॅन्सर आहे. ज्या डॉक्टरांचा एच-इंडेक्स मोठा, त्यांच्याकडेच न्यावं का?

एच-इंडेक्स बघून डॉक्टर निवडू नका. तो लिहिण्याचा हिशेब आहे, ऑपरेशनचा नाही. डॉक्टरांना हे विचारा: या प्रकारच्या कॅन्सरची ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का, सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का, बायोप्सीचा रिपोर्ट पुन्हा तपासून मिळेल का, महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शी किंवा मुंबईचं टाटा, यांतलं कुठलं जवळ पडतं आणि कुठे पुन्हा पुन्हा जाणं झेपेल, हेही तितकंच महत्त्वाचं. मध्येच उपचार सुटण्याचा धोका मोठा आहे.

१५. मराठीत लिहिलेले लेख, गावातली शिबिरं, रजिस्ट्रीचं काम, हे कुठे मोजतात?

स्कोपसमध्ये नाही. बायोडाटात मात्र वेगळ्या मथळ्याखाली लिहा, आणि मोघम लिहू नका: कोणत्या तालुक्यात, कोणत्या काळात, कशाची तपासणी, नोंदी पुढे कुणी वापरल्या. तुमच्या नोंदी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालात गेल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा. निवड समितीत बसणाऱ्यांना माझी विनंती आहे की हा मथळा आधी वाचा. मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात म्हटलंच आहे.

१६. परवा मुलाखत आहे. पेपरांची यादी कशी मांडू?

सगळ्यात आधी तुमचे सर्वात चांगले तीन पेपर. प्रत्येकाखाली दोन ओळी: काय सापडलं आणि त्यात तुमचं स्वतःचं काम कोणतं. मग पूर्ण यादी, नव्यापासून जुन्यापर्यंत, मूळ संशोधन, रिव्ह्यू आणि केस रिपोर्ट वेगवेगळे. "स्वीकारला आहे" आणि "पाठवला आहे" यांची सरमिसळ नको, स्वीकृतीचं पत्र सोबत ठेवा. ऑर्किड क्रमांक वर लिहा. सायटेशनचा आकडा प्र. ४ प्रमाणे स्रोत आणि तारखेसह शेवटी, एका ओळीत. पेपर जुन्या जिल्ह्याच्या किंवा माहेरच्या नावाने असतील तर तशी टीप यादीतच द्या. आणि प्रत्येक पेपरची एक छापील प्रत फाईलमध्ये ठेवा, कारण समिती बहुधा मधलाच एखादा काढून त्यातला एखादा तक्ता समजावून सांगायला लावते.